स्कॉलरवर एच-इंडेक्स १९, स्कोपसवर ११: संशोधकाची प्रकाशनयादी तपासायची कशी?

तापीकाठ (प्रश्न)

राम राम मंडळी. जळगाव जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात सहयोगी प्राध्यापकपदाच्या अर्जांची छाननी चालू आहे. विषय बायोमेडिकल, म्हणजे औषधशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र यांच्या शिवेवरचा. एका अर्जात असं लिहिलंय: प्रकाशने ५८, सायटेशन (इतर लेखांनी दिलेले संदर्भ) १,४६०, एच-इंडेक्स १९ (किमान १९ सायटेशन असलेले १९ लेख), आय-टेन २७, 'एकत्रित इम्पॅक्ट फॅक्टर ११२.४५७'. हे आकडे गूगल स्कॉलर या मोफत शोधयंत्राचे आहेत.

स्कोपस या वर्गणीच्या लेख-सूचीच्या मोफत पानावर त्याच नावाची दोन प्रोफाइल दिसतात. मोठ्या प्रोफाइलवर ३१ लेख आणि एच ११. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या मोफत सूचीवर आडनाव आणि आद्याक्षरं टाकली की सव्वादोनशे नोंदी येतात, त्यात दंतवैद्यकापासून पशुवैद्यकापर्यंत सगळं. आडनाव पाटील, हे सांगायला नकोच.

दुसऱ्या अर्जदाराचं काम नंदुरबारच्या आदिवासी भागातल्या सिकलसेलवर आहे. लेख १४, स्कोपसवर एच ६. समितीतल्या काहींचं म्हणणं, १९ विरुद्ध ६ आहे, मग बघायचं काय राहिलं? विचारायचं ते असं: कोणता आकडा धरायचा, एकत्रित इम्पॅक्ट फॅक्टरला काही अर्थ आहे का, आणि हे दोन अर्ज शेजारी ठेवायचे कसे? पैसे भरून घेतलेला डेटाबेस आमच्याकडे नाही.

---

ग्रंथकोश_धुळे

आकड्यांकडे नंतर या. ५८ पैकी किती लेख खरंच या माणसाचे आहेत, ते आधी ठरवा. आपल्याकडे अर्धा घोळ नावातच असतो.

खान्देशात पाटील, चौधरी, महाजन, सोनवणे, बोरसे, पवार ही आडनावं इतकी दाट आहेत की 'पाटील एस. व्ही.' या एका रूपात पाच-सात संशोधक सहज बसतात. उलटही होतं. कागदोपत्री आपण आडनाव आधी लिहितो: पाटील सुनील वसंत (नाव नमुन्यादाखल). जर्नलच्या फॉर्मने शेवटचा शब्द आडनाव धरला की तोच माणूस 'वसंत पी. एस.' होऊन बसतो. चौधरीची रोमन लिपीतली स्पेलिंगं तीन-चार. लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकेची दोन प्रोफाइल असणं तर नेहमीचंच.

पत्त्याचाही गोंधळ आहे. २०१८ मध्ये उमविचं नाव बदलून कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं, त्यामुळे आधीचे आणि नंतरचे लेख दोन नावांनी सापडतात. जुन्या लेखांत धुळ्याचं स्पेलिंग 'धुलिया' असतं. नुसतं 'जळगाव' शोधलं तर बुलढाण्याचं जळगाव जामोदही त्यात येऊ शकतं.

काम या क्रमाने करा. अर्जदाराकडून ऑर्किड क्रमांक मागवा. तो संशोधकाचा ओळखक्रमांक, सोळा अंकी असतो. ऑर्किडवर नोंद आहे म्हणजे ती खरी, असं मात्र नाही. तिथे माणूस स्वतःही नोंदी घालतो. प्रत्येक नोंदीखाली तिचा स्रोत दिलेला असतो, तो बघा. क्रॉसरेफसारख्या, प्रकाशकांकडून लेखांची नोंद घेणाऱ्या ठिकाणाहून आपोआप आलेली नोंद जास्त भरवशाची. मग अर्जातल्या प्रत्येक लेखाचा डीओआय (लेखाचा कायमचा ओळखक्रमांक) क्रॉसरेफच्या शोधपानावर टाका. शीर्षक, लेखकांचा क्रम आणि वर्ष तिथे जसं दिसेल तसं तक्त्यात उतरवा, अर्जावरून नको. डीओआय नाही म्हणून लेख खोटा ठरत नाही, पण अशा लेखाची पीडीएफ आणि जर्नलचा आयएसएसएन (जर्नलचा ओळखक्रमांक) मागून घ्या. ५८ लेखांना एक दुपार पुरते.

पबमेडवर आडनावाला लेखकाचा टॅग आणि गावाला पत्त्याचा टॅग लावून शोधा. इथे एक खड्डा आहे: २०१४ पूर्वीच्या बहुतेक नोंदींत पबमेड फक्त पहिल्या लेखकाचा पत्ता ठेवायचं. अर्जदार तेव्हा दुसरा-तिसरा लेखक असेल तर गावावरून तो लेख सापडणारच नाही. त्या काळासाठी पहिल्या लेखकाच्या किंवा गाइडच्या नावाने शोधा. पूर्ण नावाने शोधायची सोय साधारण २००२ नंतरच्या लेखांपुरतीच आहे.

---

एच_मोजणारा

वरचं सगळं बरोबर. आता आकड्यांबद्दल.

एच-इंडेक्स ही जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये मांडलेली मोजणी. लेख सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे आणि अनुक्रमांक सायटेशनपेक्षा मोठा होईपर्यंत खाली जायचं. समजा दहा लेखांची सायटेशन ४८, ३१, १९, १२, ९, ७, ६, ४, १, ० अशी आहेत. सहाव्या लेखाला ७ आहेत, सातव्याला ६. म्हणजे एच ६. पहिल्या लेखाला ४८ ऐवजी ४,८०० मिळाली तरी एच ६ च राहतो. आय-टेन म्हणजे दहा किंवा जास्त सायटेशन असलेले लेख, इथे ४. हा निर्देशांक गूगल स्कॉलरचा स्वतःचा, बाहेर फारसा कोणी वापरत नाही.

स्कॉलरचा आकडा मोठा येण्यात लबाडीच असेल असं समजू नका. स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (जर्नलच्या तपासणीआधी टाकलेले मसुदे), परिषदांच्या पुस्तिका, महाविद्यालयांच्या वेबसाइटवरच्या पीडीएफ आणि वाटेल ती जर्नलं यांतलीही सायटेशन मोजतो. स्कोपस फक्त आपल्या यादीतल्या स्रोतांतली. त्यामुळे त्याच माणसाचा स्कॉलरचा आकडा स्कोपसच्या दीडपट-दुप्पट दिसणं नवल नाही. लबाडी किंवा निष्काळजीपणा असेल तर तो इतर तीन जागी सापडतो.

एक, प्रोफाइलमध्ये 'लेख आपोआप जोडा' हा पर्याय चालू असतो आणि नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचे लेख येऊन पडतात. स्कॉलरची यादी सायटेशनच्या क्रमाने लावा आणि वरचे वीस लेख उघडून सहलेखक बघा. एच १९ म्हणजे खेळ त्या वीस लेखांचाच आहे, खालचे अडतीस त्यात मोजलेच जात नाहीत. दोन, सायटेशनच्या आकड्यापुढे तारांकन दिसतं का? ते प्रोफाइलधारकाने दोन नोंदी जोडल्याची खूण आहे, आणि जोडलेल्या नोंदीचा आकडा त्याच लेखाचा असेलच याची खात्री राहत नाही. एकाच लेखाच्या दोन प्रती जोडणं योग्यच. दोन वेगळे लेख जोडले असतील तर तो घोळ. तीन, एकच लेख दोनदा दिसतोय का. ५८ चे ५१ होतात ते बऱ्याचदा इथेच.

स्कोपसवर दोन प्रोफाइल आहेत म्हणता, तर तिथला ११ सुद्धा कच्चा आकडा आहे. दुसऱ्या प्रोफाइलवरचे लेख याच माणसाचे निघाले तर सगळे एका उतरत्या यादीत मांडून एच पुन्हा मोजा. दोन एचची बेरीज कधीच करायची नाही. प्रोफाइल एकत्र करण्याची विनंती लेखक स्वतः स्कोपसच्या दुरुस्ती-फॉर्मवरून मोफत करू शकतो. अर्जदाराला तेवढं सांगा आणि निर्णयापुरतं हाताने मोजा.

आता 'एकत्रित इम्पॅक्ट फॅक्टर ११२.४५७'. हा आकडा सरळ खोडा. इम्पॅक्ट फॅक्टर जर्नलचा असतो, लेखाचा नाही आणि लेखकाचा तर नाहीच. २०२४ चा फॅक्टर म्हणजे जर्नलमधल्या २०२२ आणि २०२३ च्या मजकुराला २०२४ मध्ये मिळालेली सायटेशन, भागिले त्या दोन वर्षांतल्या मूळ लेखांची आणि आढाव्यांची संख्या. ६०० भागिले २०० म्हणजे ३. ही सरासरी आहे, आणि ती दोन-चार लेखांनी फुगते. ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका ए या जर्नलचा फॅक्टर २००८ मध्ये २ च्या आसपास होता, २००९ मध्ये ५० च्या घरात गेला. कारण एकच लेख, शेलएक्स सॉफ्टवेअरवरचा, आणि स्फटिकरचना सोडवणारा जो-तो त्याचं सायटेशन द्यायचा. त्या वर्षी तिथे छापून आलेल्या बाकीच्या लेखकांनी काय कमावलं? अशा सरासऱ्यांची बेरीज म्हणजे प्रवाशाने आपण बसलेल्या गाड्यांचे वेग एकत्र मिळवून सांगण्यासारखं आहे.

शिवाय तीन दशांश स्थळं बघून थांबा. २०२२ च्या आकड्यांपासून, म्हणजे जून २०२३ मध्ये आलेल्या यादीपासून, क्लॅरिव्हेट, म्हणजे फॅक्टर जाहीर करणारी कंपनी, तो एकाच दशांश स्थळापर्यंत देते. २०२३ च्या फॅक्टरपुढे ३.४५७ लिहिलं असेल तर तो जुना आकडा आहे किंवा भलत्याच कंपनीचा. जर्नल क्लॅरिव्हेटच्या यादीत आहे की नाही, ते त्यांच्या मास्टर जर्नल लिस्टवर फुकट दिसतं. शोध नावाने करू नका, आयएसएसएनने करा. चांगल्या जर्नलच्या नावाने उघडलेल्या नकली वेबसाइट पुष्कळ आहेत.

---

केळीपट्टा

भो, एक राहिलं. अर्जात 'जगातील सर्वोच्च २ टक्के शास्त्रज्ञांत समावेश' असंही असेल तर तेही तपासा. आपल्याकडे दर वर्षी याच्या बातम्या छापून येतात. तो पुरस्कार नाही आणि कोणी नेमणूकही केलेली नसते. स्टॅनफर्डचे जॉन इओनिडिस आणि सहकारी स्कोपसच्या माहितीवरून ही एक्सेल फाइल काढतात. कोणालाही मोफत उतरवता येते. त्यात संपूर्ण कारकिर्दीची यादी वेगळी आणि एका वर्षाची वेगळी. बातमीत कोणती ते सहसा लिहीत नाहीत. क्रम सहा गोष्टी मिळून लागतो आणि त्यांतल्या तीन लेखकाच्या जागेवर आहेत: एकट्याने लिहिलेले, एकट्याने किंवा पहिल्या जागी, आणि एकट्याने, पहिल्या किंवा शेवटच्या जागी. स्वतःची सायटेशन धरून आणि वगळून, असे दोन्ही क्रम दिलेले असतात. वगळल्यावर माणूस किती खाली घसरतो, तो रकाना वाचण्यासारखा असतो.

आणि स्रोत स्कोपसच असल्यामुळे, प्रोफाइल दोनात फुटलेला माणूस इथून गायब होऊ शकतो. दुसऱ्या पाटलाचे लेख चिकटलेला आत येऊ शकतो.

---

सातपुडा_लॅब

सिकलसेल विरुद्ध बाकी, या प्रश्नावर जरा सविस्तर लिहिते.

विषयागणिक सायटेशनचा वेग वेगळा असतो. नॅनोकणांतून औषध पोचवणं, कर्करोगाच्या पेशींवर वनस्पतिअर्क तपासणं अशा विषयांत जगभर हजारो प्रयोगशाळा आहेत आणि आढावा-लेखांचा पूर असतो. सायटेशन झपाट्याने पडतात. पावरा आणि भिल समाजातलं सिकलसेल जनुकाचं प्रमाण, नवजात बालकांची तपासणी, हायड्रॉक्सियुरिया या औषधाची मात्रा यांवरचा लेख वाचणारे मुळात थोडे. कच्चा एच शेजारी ठेवला की हा फरक माणसाच्या कुवतीचा वाटतो, आणि असतो विषयाच्या गर्दीचा.

यावर मोफत साधन आहे: अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचं आयसाइट. पबमेडवर सापडलेल्या लेखांचे पीएमआयडी क्रमांक एकाखाली एक चिकटवा. प्रत्येक लेखासमोर आरसीआर, म्हणजे सापेक्ष सायटेशन गुणोत्तर, येतं. लेखाला वर्षाला मिळणारी सायटेशन त्याच्याच विषयाच्या अपेक्षित वेगाशी ताडून ते काढतात, आणि विषय ठरवतात तो या लेखाबरोबर इतरांनी आणखी कोणाचं सायटेशन दिलं त्यावरून. एनआयएचच्या निधीवरच्या मधल्या लेखाला १.० मिळतं. म्हणजे २० सायटेशन असलेल्या सिकलसेल-लेखाचा आरसीआर १.४ आणि ६० सायटेशनवाल्या नॅनो-लेखाचा ०.८ येणं अगदी शक्य आहे (आकडे समजण्यापुरते). सरासरी नको, मध्यक बघा. एखादा आढावा-लेख सरासरी वर ओढतो. गेल्या एक-दोन वर्षांतल्या लेखांचं गुणोत्तर कच्चं असतं, ते बाजूला ठेवा. आयसाइटला फक्त पबमेडमधले लेख दिसतात, त्यामुळे औषधनिर्माणशास्त्रातली बरीच भारतीय जर्नलं गळतात. पहिल्या अर्जदारावर त्याचा अन्याय होऊ शकतो, म्हणून किती लेख गळले ते टिपणात लिहाच.

त्याच पानावर एक त्रिकोण मिळतो: माणूस, प्राणी, रेणू-पेशी. काम कोणत्या कोपऱ्यात आहे ते त्यावरून कळतं. शेजारी, क्लिनिकल लेखांनी याचं सायटेशन दिलंय का, हेही येतं. मला स्वतःला एचपेक्षा हा रकाना जास्त बोलका वाटतो.

पुढचं काम, लेखकाची जागा. ५८ लेखांत पहिला लेखक किती, शेवटचा किंवा पत्रव्यवहाराचा (लेखाबद्दल संपर्क साधायचा) किती, मधल्या घोळक्यात किती, असे तीन रकाने करा आणि पहिल्या दोन रकान्यांचा एच वेगळा काढा. ग्लोबल बर्डन ऑफ डिसीजसारख्या लेखांवर शेकडो सहलेखक असतात आणि सायटेशन हजारांत जातात. असे पाच लेख यादीत असले तर एकूण सायटेशनचा आकडा निरुपयोगी होतो. पबमेडमध्ये 'लेखक' आणि 'सहयोगी' अशा वेगळ्या नोंदी असतात. मोठ्या चाचणीत केवळ सहयोगी असलेला माणूस अर्जात लेखक म्हणून आलेला आहे का, ते पाहा.

सायटेशन जास्त म्हणजे शोध मोठा, हेही समितीच्या डोक्यातून काढायला हवं. ऑलिव्हर लाउरी यांच्या १९५१ च्या प्रथिन मोजण्याच्या पद्धतीवरच्या लेखाला तीन लाखांवर सायटेशन आहेत, कारण प्रत्येक प्रयोगशाळा ती पद्धत वापरायची. डीएनएच्या रचनेवरचा १९५३ चा लेख तितक्यांच्या जवळपासही नाही. आणि कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी कॉलऱ्याचं विष जंतू गाळून काढलेल्या द्रवात असतं हे १९५९ मध्ये नेचरमध्ये दाखवलं. त्याची दखल घ्यायला जगाने बरीच वर्षं लावली. सायटेशन-सूची उभी करणाऱ्या यूजीन गारफिल्ड यांनीच १९८६ मध्ये त्यांच्या कामावर लेख लिहिला, तोवर डे वारले होते.

---

तापीकाठ

फार उपयोग झाला, सगळ्यांचे आभार. वरचे वीस लेख उघडून पाहिले: दोन दुसऱ्याच पाटलांचे निघाले, एक दोनदा आलेला. आता दोन नवे प्रश्न. पहिल्या अर्जातले सहा लेख अशा जर्नलांत आहेत जी स्कोपसने आपल्या यादीत घेणं बंद केलं आहे, आणि जुन्या चार लेखांपुढे 'इंडेक्स कोपर्निकस' या सूचीचं नाव लिहिलंय. हे सरसकट बाद करायचे का? आणि पहिल्या क्रमांकाच्या लेखाची बरीच सायटेशन त्यांच्याच गटाची आहेत, त्याचं काय?

---

ग्रंथकोश_धुळे

सरसकट नको. स्कोपसच्या स्रोत-यादीत प्रत्येक जर्नलसमोर कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत घेतलं ते दिलेलं असतं, आणि बंद केलेल्यांचा वेगळा तक्ता असतो. लेख त्या मुदतीत छापला असेल तर तो तेव्हा स्कोपसमध्येच होता. बंद करण्याचं कारणही वाचा. प्रकाशनव्यवहाराविषयी शंका असं कारण असेल तर लेख धरा, पण समितीतल्या एकाने तो पूर्ण वाचावा. मुदतीनंतर छापला असेल तर 'स्कोपस' हा शब्द खोडा.

इंडेक्स कोपर्निकसचं नाव तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलच्या २०१५ च्या स्पष्टीकरणात मान्य सूचींमध्ये होतं, नंतर काढलं. त्या काळातल्या लेखाला आजचा नियम लावून अर्जदाराला खोटं पाडू नका. उलट, आजच्या पात्रतेसाठी तो लेख चालेलच असंही नाही. वैद्यकीय महाविद्यालय असेल तर राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीत सूचींची नावं, लेखाचे प्रकार आणि लेखक पहिल्या तिघांत किंवा पत्रव्यवहाराचा असावा ही अट दिली होती. २०२५ मध्ये नवी नियमावली आली. जाहिरातीच्या तारखेला लागू असलेली प्रत काढून समोर ठेवा. फार्मसी किंवा विज्ञान महाविद्यालय असेल तर यूजीसी-केअर ही मान्य जर्नलांची यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली हेही लक्षात असू द्या. 'केअर लिस्टेड' हा शिक्का लेखाच्या तारखेशी ताडूनच वाचायचा.

आणखी एक गोष्ट, यात चुकू नका: लेख पबमेडमध्ये दिसतो म्हणजे जर्नल मेडलाइन या निवडक जर्नलांच्या सूचीत आहे असं नाही. पबमेडमध्ये मेडलाइनबाहेरचंही बरंच असतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या 'एनएलएम कॅटलॉग'मध्ये जर्नलचं नाव टाका, 'सध्या मेडलाइनमध्ये समाविष्ट' अशी ओळ आहे का ते दिसतं.

---

एच_मोजणारा

स्वतःच्या सायटेशनबद्दल. गट एकाच विषयावर सलग काम करत असेल तर मागच्या लेखाचं सायटेशन पुढच्यात येणारच, तो दोष नव्हे. स्कोपसच्या वर्गणीच्या आवृत्तीत स्वतःची, किंवा सगळ्या सहलेखकांची, सायटेशन वगळून आलेख काढता येतो. तुमच्याकडे ती नाही, तर विद्यापीठाच्या ग्रंथालयात विचारा. नाहीच जमलं तर वरच्या अकरा-बारा लेखांचं हाताने करा. प्रत्येकाच्या 'सायटेड बाय' यादीत सहलेखकांची नावं शोधायची आणि वजा करायची. वजाबाकीनंतर एच ११ चा १० झाला तर विषय सोडून द्या. ११ चा ६ झाला तर समितीसमोर ठेवा.

खरी शंका येते ती वेगळ्या नमुन्यावर: एकाच जर्नलच्या एकाच अंकातून एका लेखाला पंधरा-वीस सायटेशन, किंवा विषयाशी संबंध नसलेल्या लेखांतून. दोन-तीन सायटेशन देणारे लेख उघडा आणि कोणत्या वाक्यासाठी सायटेशन दिलंय ते वाचा. 'अलीकडे पुष्कळ काम झाले आहे' अशा वाक्यामागे कंसात दहा आकडे असतील तर त्यातल्या एकाचं मोल फारसं नाही.

मागे घेतलेले लेख तपासायचे राहू देऊ नका. रिट्रॅक्शन वॉचचा साठा २०२३ पासून क्रॉसरेफकडे आहे आणि मोफत आहे. तुमच्याकडे डीओआयची यादी झालेलीच आहे, ती तिथे ताडून बघा. मागे घेतलेल्या लेखालाही सायटेशन येत राहतात आणि एच फुगवतात. कारणही वाचा, प्रकाशकाच्या चुकीने दोनदा छापलेला लेख मागे घेणं वेगळं आणि वेस्टर्न ब्लॉट या प्रथिनचाचणीची प्रतिमा डागडुजी केलेली निघणं वेगळं.

---

सातपुडा_लॅब

टिपणात दोन्ही अर्जदारांसाठी रकाने तेच आणि स्रोतही तेच ठेवा. एकाचा स्कॉलर आणि दुसऱ्याचा स्कोपस असं नको. आकडे एकाच दिवशी काढा आणि तारीख लिहा, कारण स्कॉलर महिन्याभरात बदलतो. पहिल्या प्रकाशनाचं वर्षही शेजारी घाला: २००६ पासून लिहिणाऱ्याचा एच आणि २०१७ पासून लिहिणाऱ्याचा एच एका ओळीत बसत नाहीत, एच सहसा कमी होत नाही, वयाबरोबर वाढत जातो. आणि दोघांनाही आपापले तीन सर्वोत्तम लेख निवडून त्यांत स्वतः नेमकं काय केलं ते अर्ध्या पानात लिहून द्यायला सांगा. नमुने गोळा केले, एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजण्याचं तंत्र) चालवलं, सांख्यिकी केली, मसुदा लिहिला, जे असेल ते. मुलाखतीत त्यातल्याच एका आकृतीवर प्रश्न विचारायचा.